आधी कोण? : वेगवान विद्युत्-प्राण्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने अंकासाठी लेख द्यायचा म्हणजे तो बँकांवर, सहकारावर किंवा अर्थसंकल्पावर असावा, अशी साधारण अपेक्षा असते. मी मात्र पोकेमॉन या व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे. कारण साधे आहे. वसतिगृहात आणि गावी सौंसरला हा खेळ खेळणारी मुले मी पाहते, आणि त्यांतील पुष्कळ मुले एकाच समजुतीपायी हरताना पाहते. ती समजूत अशी : जो चपळ तो जिंकतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे काय, ते आकडे मांडून दाखवता येते. आणि ती आकडेमोड अकरावीच्या पुस्तपालनाहून अवघड नाही.

मी सौंसरच्या मराठी शाळेत शिकले. आमचा भाग मध्य प्रदेशात. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात गेली. घरात व बाजारात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी आमची दुहेरी रीत. या खेळाची बारीक माहिती मला मिळाली ती मात्र इंग्रजीत. ती मराठीत यावी, आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही अशा गुरुजनांनाही समजावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप

पोकेमॉनचे पहिले खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाले. मूळ कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा छंद होता, त्यातून ही कल्पना सुचली. प्रथम या खेळात १५१ काल्पनिक प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. आपल्याकडे हे नाव पोहोचले ते मुख्यतः कार्टून मालिकेमुळे, आणि त्यातला पिवळा पिकाचू तर खेळ न खेळणारालाही ठाऊक असतो. तो विद्युत्-जातीचा प्राणी आहे.

प्राण्यांच्या एकूण १८ जाती आहेत : अग्नी, जल, वनस्पती, विद्युत्, भूमी, हवेत उडणारे इत्यादी. कोणती जात कोणावर भारी, याचे कोष्टक ठरलेले आहे. विजेचा घाव जलप्राण्यावर आणि उडत्या प्राण्यावर दुप्पट बसतो. जो प्राणी जलजातीचा असून उडताही आहे, त्याच्यावर चौपट. उलट भूमिजातीच्या प्राण्यावर विजेचा परिणाम शून्य. घराचे अर्थिंग ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. आणि हीच भूमिजात विद्युत्-प्राण्याची एकमेव वैरी आहे; तिचा घाव त्याला दुप्पट लागतो.

लढत पाळीपाळीने होते. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू आपापला डाव गुपचूप ठरवतात आणि मग दोन्ही डाव क्रमाने पार पडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बोटांच्या चपळाईला या खेळात काही किंमत नाही. घड्याळाच्या मर्यादेत राहून तुम्ही हवा तितका विचार करा. चपळ असायचे ते प्राण्याने.

प्रत्येक प्राण्याला सहा अंक असतात : जीवशक्ती, शारीरिक हल्ला, शारीरिक बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. वीज, ज्वाला, पाण्याचा झोत असे घाव सामान्यतः 'विशेष' सदरात मोडतात. या सहांपैकी पाच अंकांचा उपयोग किती बसले आणि किती सोसले हे ठरवण्याकडे होतो. वेगाचे काम सर्वसाधारणपणे एकच : फेरीत आधी कोण?

वेगाची किंमत कशी मोजावी

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत. बहार झाडावर असतानाच व्यापारी येऊन बोली लावतात. समजा, दुसऱ्या क्रमांकाची बोली १ लाखाची आहे. मग बगीचा १ लाख १ रुपयालाही मिळतो आणि दीड लाखालाही मिळतो. दीड लाख देणाराला संत्री जास्त मिळत नाहीत. त्याने फक्त जास्त पैसे दिलेले असतात.

पोकेमॉनमधील वेग हा अगदी असाच आहे. माझ्या प्राण्याचा वेग १७० आणि तुमच्या प्राण्याचा १६९ असेल, तर मी आधी. माझा वेग २५० असता तरी मी आधीच, त्याहून अधिक काही नाही. शंकरपटात घड्याळ लावतात, म्हणून तेथे प्रत्येक क्षणाला मोल असते. येथे घड्याळ नाही. पहिला आणि दुसरा एवढेच आहे. दोघांचा वेग तंतोतंत समान असेल तर खेळ नाणेफेक केल्याप्रमाणे कोणालाही पहिली पाळी देतो.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण सीमांत उपयोगिता शिकतो. वस्तूचे नग वाढत जातात तशी पुढच्या नगाची उपयोगिता हळूहळू घटते, असे तेथे म्हटले आहे. वेगाची उपयोगिता हळूहळू घटत नाही. ती पायरीसारखी असते. प्रतिस्पर्ध्याला ओलांडणारा एक अंक फार मोलाचा. त्यानंतरचे अंक, पुढचा प्रतिस्पर्धी येईपर्यंत, निरुपयोगी. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याला वेगवान प्राणी वापरता येऊ लागतो.

जोल्टिऑनचे जमाखर्च

उदाहरणासाठी जोल्टिऑन हा प्राणी घेऊ. ईवी नावाच्या लहान केसाळ प्राण्याला 'थंडर स्टोन' हा खडा दिला की त्याचा जोल्टिऑन होतो. पिवळा, अंगावर सुयांसारखे केस. आमच्या कन्नड विभागातील मैत्रिणीने त्याला 'मिंचु' हे नाव देऊन टाकले आहे. कन्नडमध्ये मिंचु म्हणजे वीज.

त्याचे मूळ अंक असे : जीवशक्ती ६५, शारीरिक हल्ला ६५, शारीरिक बचाव ६०, विशेष हल्ला ११०, विशेष बचाव ९५, वेग १३०. बेरीज ५२५. म्हणजे एकूण ठेवीचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या वेगात गुंतलेला आहे, आणि त्याची किंमत शरीराने चुकवली आहे. जीवशक्ती आणि शारीरिक बचाव दोन्ही बेताचेच.

मूळ अंकांवर खेळाडूला स्वतःची भर घालता येते. प्रशिक्षणाने मिळणाऱ्या गुणांना मी 'प्रयत्नगुण' म्हणते. एका प्राण्याला एकूण ५१० प्रयत्नगुण मिळतात, आणि कोणत्याही एका सदरात २५२ हून अधिक घालता येत नाहीत. शिवाय प्राण्याचा स्वभाव निवडता येतो. स्वभावाने एक सदर एक-दशांशाने वाढते आणि दुसरे तितकेच घटते. ५१० आणि २५२ या दोन आकड्यांत अर्थसंकल्पाचा सगळा प्रश्न आला. दोन सदरे पूर्ण भरली की हाती ६ गुण उरतात. सगळीकडे पुरेल इतके कोणाकडेच नसते.

२०२२ साली आलेल्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या खेळांत स्पर्धेची लढत ५० व्या पातळीवर होते. त्या पातळीवर वेगाचे सूत्र असे आहे. मूळ वेगाची दुप्पट करा. जन्मजात गुण पूर्ण, म्हणजे ३१, धरून ते मिळवा. प्रयत्नगुणांचा चौथा हिस्सा मिळवा. बेरीज निम्मी करून तीत ५ मिळवा. स्वभाव अनुकूल असेल तर एक-दशांश वाढवा. प्रत्येक ठिकाणी अपूर्णांक सोडून द्या.

जोल्टिऑनच्या वेगात एकही प्रयत्नगुण न घालता आणि स्वभाव तटस्थ ठेवून उत्तर येते १५०. २५२ गुण घातले की १८२. स्वभावही अनुकूल घेतला की २००. आता या २०० पैकी कामाचे किती, ते चार लढतींत पाहू.

पहिली लढत : ग्याराडोस

ग्याराडोस हा जलजातीचा आणि उडताही, म्हणजे विजेच्या चौपट तडाख्यातला. त्याचा मूळ वेग ८१. त्याने सर्व शक्ती वेगात घातली आणि स्वभावही अनुकूल घेतला तरी तो १४६ वर थांबतो. जोल्टिऑन काहीही खर्च न करता १५० वर उभा आहे. म्हणजे नुसत्या ग्याराडोसची भीती असेल तर वेगावर एक पैही घालण्याचे कारण नाही.

आणि घाव? 'थंडरबोल्ट' या नेहमीच्या विद्युत्-घावाची ताकद ९० आहे आणि तो सहसा चुकत नाही. विशेष हल्ल्यात पूर्ण गुण घातलेल्या जोल्टिऑनचा थंडरबोल्ट ग्याराडोसला २७६ ते ३२८ इतका लागतो. ग्याराडोसची जीवशक्ती, तीत काही भर घातलेली नसल्यास, १७०. प्रश्न मिटला.

पण ग्याराडोसचा मालक गप्प बसत नाही. त्याच्याकडे 'ड्रॅगन डान्स' नावाची चाल असते. एक फेरी ती करण्यात घालवली की ग्याराडोसचा वेग दीडपट होतो. १४६ चे २१९ झाले. आता आपला २०० चा जोल्टिऑनसुद्धा मागे. येथे कामाला येतो इलेक्ट्रोड, दुसरा विद्युत्-प्राणी. त्याचा मूळ वेग १५०. पूर्ण तयारीनिशी २२२. नाचून आलेल्या ग्याराडोसहून तीनने अधिक! इलेक्ट्रोडच्या अंकांची बेरीज ४९० च आहे आणि विशेष हल्ला ८० च; तरीही त्याचा थंडरबोल्ट ग्याराडोसला किमान २२८ लागतो आणि काम होते. इतर बहुसंख्य प्राण्यांपुढे इलेक्ट्रोडचे ते जास्तीचे २२ अंक वाया जातात. या एका प्रसंगी मात्र ते सगळे वसूल होतात. पायरी म्हणतात ती ही.

दुसरी लढत : चॅरिझार्ड

हा ज्वाला ओकणारा उडता प्राणी. वीज त्याला दुप्पट लागते. मूळ वेग १००, पूर्ण तयारीत १६७. त्याला ओलांडण्यासाठी जोल्टिऑनला १६८ हवेत. स्वभाव अनुकूल असेल तर अवघे २० प्रयत्नगुण घालून १६८ येतात. २५२ नव्हे, २०.

आता हल्ल्याकडे पाहा. चॅरिझार्डची जीवशक्ती १५३ धरू. जोल्टिऑनच्या विशेष हल्ल्यात काहीच न घातल्यास थंडरबोल्ट १२८ ते १५२ लागतो. वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा. जास्तीत जास्त १५२, आणि समोर १५३! क्वचित बसणारा असाधारण घाव वगळला, तर चॅरिझार्ड प्रत्येक वेळी जिवंत राहणार आणि उलटून मारणार. तेथेच विशेष हल्ल्यात २५२ गुण घातले की घाव १५८ ते १८८ होतो, आणि चॅरिझार्ड प्रत्येक वेळी पडतो.

म्हणजे आधी पोहोचून उपयोग काय, हे दुसऱ्या सदरावर अवलंबून असते. आधी पोहोचणे म्हणजे फक्त पहिली संधी. त्या संधीत काम पूर्ण होत नसेल, तर वेगाने तुम्हाला मार खाण्याआधी एक टोला मारू दिला, इतकेच.

या हिशेबाने २० वेगात आणि २५२ हल्ल्यात घातले, तर २३८ उरतात. त्यांतले २३६ जीवशक्तीत घातले की ती १४० वरून १७० होते. हा जोल्टिऑन १६८ वेगाचा पण अंगाने भरलेला. दुसरा २०० वेगाचा पण १४० जीवशक्तीचा. बहुतेक खेळाडू दुसरा घेतात आणि त्यात गैर काही नाही. कारण १६८ आणि २०० यांच्या मधल्या पायऱ्यांवर बरेच प्रतिस्पर्धी उभे असतात, आणि समोरून काय येईल हे आधी पुरते कळत नाही. माझे म्हणणे इतकेच, की २३२ गुण आपण कोणाला ओलांडण्यासाठी खर्च केले त्याची नावे खेळाडूला सांगता आली पाहिजेत. ती सांगता येत नसतील तर तो खर्च नव्हे, उधळपट्टी आहे.

तिसरी लढत : स्नोरलॅक्स

हा झोपाळू, अगडबंब प्राणी. मूळ वेग ३०. जोल्टिऑन त्याच्या आधी जाणार यात शंका नाही. पण स्नोरलॅक्सची जीवशक्ती, काही भर न घालताही, २३५ आहे आणि विशेष बचाव १३०. पूर्ण ताकदीचा थंडरबोल्ट त्याला ६४ ते ७६ लागतो. तीन वेळा जास्तीत जास्त बसला तरी २२८. म्हणजे चार फेऱ्या हव्यात, आणि तेवढ्या वेळात स्नोरलॅक्स तीनदा मारणार. जोल्टिऑनच्या शरीराला ते परवडत नाही. येथे वेग २०० असो की २०००, निकाल तोच.

चौथी लढत : गार्चॉम्प

गार्चॉम्प भूमिजातीचा. वीज त्याला लागतच नाही. पूर्ण तयारीत त्याचा वेग १६९, आपला २००. आपण आधी जाऊन करणार काय? त्याने 'अर्थक्वेक' हा भूकंपाचा घाव मारला तर जोल्टिऑनला २६० च्या आसपास आणि वर लागते. दोन-दोन प्राण्यांच्या लढतीत तो घाव सर्वांवर विभागून कमी होतो, तरीही १४० जीवशक्तीला तो पुरून उरतो. अशा वेळी शहाणपण एकच : जोल्टिऑनला परत बोलावून उडता साथीदार पुढे करणे. भूकंप उडत्या प्राण्याला बाधत नाही. आणि मजा अशी, की प्राणी बदलण्याचा डाव घावांच्या आधीच पार पडतो. त्याला वेग लागत नाही.

शिवाय २०२२ च्या खेळांत प्रत्येक खेळाडूला लढतीत एकदा आपल्या एका प्राण्याची जात बदलता येते. त्याला 'टेरास्टल' म्हणतात. चौपट तडाख्यातला ग्याराडोस ऐन वेळी भूमिजातीचा झाला तर आपला ३२८ चा घाव शून्यावर येतो. तेव्हा कोष्टक पाठ असणे पुरेसे नाही. समोरचा काय करू शकतो याचाही अंदाज हवा.

मग हा प्राणी वापरावा कसा?

एवढ्यावरून कोणी म्हणेल, वेगवान विद्युत्-प्राणी कुचकामी आहे. तसे मुळीच नाही. त्याला मल्ल समजून आखाड्यात उतरवणे चूक आहे, इतकेच. त्याची खरी कामे तीन.

पहिले काम, टोला मारून निघून जाणे. २०१० साली 'ब्लॅक' व 'व्हाइट' या खेळांत 'व्होल्ट स्विच' ही चाल आली. ताकद ७०, थंडरबोल्टहून कमी. पण घाव बसताच प्राणी आपोआप मागे फिरतो आणि समोरची स्थिती पाहून आपण योग्य साथीदार पुढे आणतो. मात्र समोर भूमिजात असेल तर घावही नाही आणि परतणेही नाही.

दुसरे काम, इतरांचा वेग कमी करणे. 'थंडर वेव्ह' या चालीने समोरचा प्राणी लुळा पडतो. त्याचा वेग निम्मा होतो आणि चारांतून एकदा तो डावच करू शकत नाही. ही चाल शंभरात सरासरी ९० वेळा लागते. भूमिजातीवर ती चालत नाही, आणि २०१३ च्या खेळांपासून विद्युत्-जातीचे प्राणीही लुळे पडत नाहीत. दुसरी चाल 'इलेक्ट्रोवेब'. ती समोरच्या दोघांनाही लागते आणि त्यांचा वेग दोन-तृतीयांशावर आणते. सर्व प्राण्यांत वेगवान असा रेजिएलेकी, मूळ वेग २००, पूर्ण तयारीत २७७, या चालीसाठी नावाजलेला आहे. त्याने ती टाकली की १६७ चा चॅरिझार्ड १११ वर येतो. मग शेजारी उभा असलेला आपला सावकाश साथीदार टायरानिटार, ज्याचा वेग पूर्ण प्रयत्नगुण घालूनही ११३ च होतो, तो चॅरिझार्डच्या आधी जातो. २०१९ नंतरच्या मुख्य खेळांत हा बदल त्याच फेरीत लागू होतो. टायरानिटारचा पाषाणाचा घाव चॅरिझार्डला चौपट बसतो. येथे रेजिएलेकीने कोणाला पाडले नाही. त्याने आपला वेग दुसऱ्याला उसना दिला.

तिसरे काम, जागा अडवणे. जोल्टिऑन आपल्या सहा प्राण्यांच्या यादीत आहे, एवढ्यानेच समोरचा खेळाडू ग्याराडोस उतरवताना दोनदा विचार करतो. अधिकृत लढतीत सहा प्राण्यांतून चार निवडून आणायचे असतात आणि मैदानात एका वेळी दोन-दोन असतात. न खेळताही प्राणी काम करतो ते असे.

या तिन्ही कामांना मर्यादा आहेत. 'क्विक अटॅक', 'सकर पंच', 'फेक आउट' अशा काही चाली वेग न पाहता आधीच पार पडतात. 'टेलविंड' ही चाल ती वापरणाराच्या बाजूच्या सर्वांचा वेग चार फेऱ्यांपुरता दुप्पट करते. आणि 'ट्रिक रूम' तर पाच फेऱ्यांसाठी क्रमच उलटा करते : जो सर्वांत मंद तो आधी. त्या पाच फेऱ्यांत ३० वेगाचा स्नोरलॅक्स राजा असतो आणि आपला २०० चा जोल्टिऑन रांगेत शेवटी.

एका खारीची गोष्ट

येथवर जे सांगितले त्याचा सर्वांत चांगला दाखला २०१४ सालच्या जागतिक स्पर्धेत आहे. ही स्पर्धा अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी. येथे झाली आणि दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क तीत विजेता ठरला. त्याच्या संघात पाचिरिसू होता. पाचिरिसू ही विद्युत्-जातीची खार. अंकांची बेरीज अवघी ४०५, विशेष हल्ला ४५, वेग ९५. जागतिक स्पर्धेत कोणी तिला आणील असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

पार्कने तिला धावायला आणि मारायला लावलेच नाही. त्याने तिची तयारी सोसण्यासाठी केली. तिची एक चाल 'फॉलो मी' : समोरचे घाव स्वतःकडे ओढून घेणे. शेजारी असे ग्याराडोस, तोच, ज्याला वीज चौपट लागते. त्याच्यावर सोडलेली वीज पाचिरिसू स्वतःवर घेई, आणि 'व्होल्ट अॅब्सॉर्ब' या अंगभूत गुणामुळे विजेने तिला इजा तर होत नसेच, उलट जीवशक्ती भरून येई. 'नझल' या चालीने ती समोरच्याला लुळे करी, आणि 'सुपर फँग'ने समोरच्याची उरलेली जीवशक्ती निम्मी करी, मग तिचा स्वतःचा हल्ला ४५ असो की ५. साथीदार निर्धास्तपणे लढत आणि जिंकत.

ही गोष्ट मी मुद्दाम लिहीत आहे. माझा धाकटा भाऊ सौंसरला बारावीत आहे. लागोपाठ काही लढती हरल्यावर तो मला म्हणाला होता, "ताई, माह्यं डोकंच हळू चालते." खेळातल्या हरण्याचे मला काही वाटले नाही, पण हे वाक्य लागले. आपल्याकडे वर्गात हात आधी वर करणारा हुशार आणि थांबून विचार करणारा मंद, अशी वाटणी फार लवकर होऊन जाते, आणि मुले ती खरी मानतात. त्याला मी वही घेऊन चॅरिझार्डचा वरचा हिशेब करायला बसवले. १५२ आणि १५३ हे दोन आकडे त्यानेच शोधून काढले. त्याला त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या दोन संध्याकाळींची घाई कोणालाही नव्हती.

मोबाइलवरील खेळाविषयी थोडेसे

आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर 'पोकेमॉन गो' असतो. तो भारतात डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि खेळाडूंची आपसांतील लढत त्यात डिसेंबर २०१८ पासून सुरू झाली. वर सांगितलेले गणित त्यास जसेच्या तसे लावू नये. त्यात हल्ला, बचाव आणि जीवशक्ती अशी तीनच सदरे आहेत. वेग हे सदरच नाही. तेथे लहान घाव मारून ऊर्जा साठवायची आणि ती भरली की मोठा घाव सोडायचा, असा प्रकार आहे. चपळाई तेथे प्राण्यात नसून चालीत आहे : कोणता लहान घाव किती वेळ घेतो आणि किती ऊर्जा देतो. तरीही मूळ प्रश्न बदलत नाही. आधी पोहोचून काय पदरात पडले, हाच हिशेब तेथेही करायचा असतो.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर वेगवान विद्युत्-प्राणी निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला नेमके कोणाला ओलांडायचे आहे? ओलांडल्यावर एका घावात काम होणार आहे का? आणि होत नसेल, तर ती पहिली पाळी मी कोणत्या साथीदाराच्या कामी लावणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेगाचे अंक देतील. दुसऱ्याचे उत्तर हल्ल्याचे आणि समोरच्याच्या जीवशक्तीचे अंक देतील. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नाही. ते खेळाडूलाच शोधावे लागते.

ज्यांना हा खेळ खेळायचा नाही त्यांनीही एकदा कागद-पेन्सिल घेऊन वरील सूत्राने एखाद्या प्राण्याचा वेग काढून पाहावा. ५१० गुण हाती आणि सहा सदरे समोर असली की कोठे हात आखडावा व कोठे सोडावा, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.